परराष्ट्र धोरण, राष्ट्रहित आणि कायदा : कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून रेडीपर्यंत परराष्ट्र धोरण वर्तमानपत्रातून कमी आणि दर्यातून जास्त कळते. नौका पकडली जाते, घरचा मुलगा परक्या बंदरात जहाजावर अडकतो, हापूसची वाट बंद होते. अशा वेळी सरकारला काय करता येते, काय करता येत नाही आणि ते कोणत्या कलमामुळे, एवढ्यापुरती ही उत्तरे आहेत.

‘राष्ट्रहित’ म्हणजे काय, हे कायद्यात कुठे लिहिले आहे?

व्याख्या कुठेच नाही. संविधानात हा शब्द अनुच्छेद २४९ आणि ३१२ मध्ये येतो, पण तिथला विषय वेगळा : राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने कायदा करणे आणि अखिल भारतीय सेवा स्थापन करणे. परराष्ट्र व्यवहाराला लागू पडणाऱ्या कायद्यांत राष्ट्रहित सुटे सुटे करून लिहिलेले सापडते. पासपोर्ट कायद्यात ‘परकीय देशाशी मैत्रीचे संबंध’, माहिती अधिकारात ‘सामरिक, वैज्ञानिक किंवा आर्थिक हितसंबंध’, असे. म्हणून एखाद्या कार्यालयात ‘हे राष्ट्रहिताचे आहे’ असे उत्तर मिळाले की पहिला प्रश्न विचारायचा : कोणते कलम, कोणते पोटकलम? कलम सांगितले की त्यामागून लेखी कारणे, मुदत, अपील अशा गोष्टीही लागू होतात. म्हणूनच ते सांगायला बरेचजण नाखूश असतात.

तह किंवा करार करायला संसदेची परवानगी लागते का?

सही करायला लागत नाही. केंद्रसूचीतल्या १० ते २१ या नोंदींत परराष्ट्र व्यवहार, तह, युद्ध आणि शांतता, पासपोर्ट, चाचेगिरी हे सगळे येते आणि अनुच्छेद ७३ नुसार जिथे संसदेला कायदा करता येतो तिथे केंद्राचा कार्यकारी अधिकार पोचतो. त्यामुळे मंत्रिमंडळ करार करते आणि संसदेला पुष्कळदा नंतर कळते.

मात्र तीन ठिकाणी गाडी अडते. भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती हवी. पश्चिम बंगालमधला बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मत दिले. बांगलादेशाबरोबरच्या जमिनीच्या अदलाबदलीसाठी २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करावी लागली, तीही यामुळेच. नुसती धूसर सीमारेषा पक्की करायची असेल तर दुरुस्ती लागत नाही, असे भारत-पाकिस्तान कच्छ सीमावादातल्या लवादाच्या निवाड्यावरच्या मगनभाई पटेल खटल्यात १९६९ साली ठरले. दुसरी अडचण : करारामुळे नागरिकांच्या हक्कांवर गदा येत असेल किंवा चालू कायदा बदलत असेल, तर अनुच्छेद २५३ खाली संसदेने कायदा करायला हवा. तिसरी पैशाची. संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयासुद्धा संसदेच्या मंजुरीवाचून काढता येत नाही.

करार चुकीचा वाटला तर न्यायालयात जाता येते का?

जाता येते, पण धोरण शहाणपणाचे आहे की नाही यावर न्यायालय बोलत नाही. जागतिक व्यापाराच्या गॅट कराराविरुद्ध पी. बी. सामंत यांनी १९९४ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा शेती हा राज्याचा विषय असला तरी तह करण्याचा अधिकार केंद्राचाच, म्हणून न्यायालयाने हात घातला नाही. अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करायला सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने एकट्या त्याच्या बळावर दाद मागता येत नाही. देशातला कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा उघड उघड भिडले तर न्यायालय देशातला कायदा मानते. देशात कायदाच नसेल, तर मान्य केलेला करार आधाराला घेते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या विशाखा निकालात १९९७ साली असेच झाले. म्हणजे याचिका धोरणावर न बेतता हक्कावर बेतलेली असेल तरच ती तग धरते.

समुद्रात राज्याची हद्द कुठे संपते?

१९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे आधाररेषेपासून (साधारणपणे किनाऱ्यावरची ओहोटीची रेषा) १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २४ पर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे १२ मैल सुमारे २२ किलोमीटर आणि २०० मैल सुमारे ३७०. मासेमारी राज्यसूचीत २१ व्या नोंदीत आहे आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्रसूचीत ५७ व्या. म्हणून महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा १२ मैलांपर्यंतच चालतो. तेराव्या मैलावर परराज्यातल्या ट्रॉलरने जाळे तोडले तर मत्स्यव्यवसाय विभागाची गस्ती नौका हात वर करते. कायद्याने तिची हद्द बाराव्या मैलाला संपलेली असते.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम काढले. यांत्रिक आणि मोठ्या यंत्रचलित नौकांना तिथे जायला ॲक्सेस पास लागतो, पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट आहे.

परदेशी युद्धनौका किनाऱ्याजवळून जाऊ शकते का?

१२ मैलांच्या आत यायचे तर आमच्या १९७६ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आधी कळवावे लागते. पाणबुडीने पाण्यावर येऊन, झेंडा लावून जायचे. १२ ते २०० मैलांत जहाजांना ये-जा मोकळी आहे. तिथे लष्करी सराव करायला मात्र आमची संमती हवी, अशी भूमिका भारताने १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा करार स्वीकारताना घोषणा करून घेतली. अमेरिका ती मानत नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपजवळ मुद्दाम न विचारता फिरली आणि अमेरिकेने तसे जाहीरही केले. भारताने राजनैतिक मार्गाने नाराजी कळवली. आमच्या कायद्याचा आमचाच अर्थ दुसऱ्याने मानावा अशी सक्ती करता येत नाही, म्हणून त्यापलीकडे फार काही हातात नव्हते.

मग २०१९ साली दाभोळजवळ चिनी मासेमारी जहाजे कशी येऊ दिली?

त्या वर्षी जूनमध्ये ‘वायू’ चक्रीवादळाच्या वेळी दहा चिनी जहाजांना रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ आसरा देण्यात आला आणि गावोगाव संताप झाला. पण समुद्र कायदा कराराच्या अनुच्छेद १८ नुसार संकटात सापडलेल्या जहाजाला थांबता, नांगर टाकता येतो. अट एवढीच की मासेमारी करायची नाही आणि तटरक्षक दलाची नजर राहील. आज त्यांना हाकलले तर उद्या ओमानच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या आपल्या नौकेला कोणी थारा देणार नाही. यात राष्ट्रहित आणि कायदा एकाच बाजूला होते, वाद वायफळ होता.

पाकिस्तानने नौका पकडली तर पुढे काय होते?

हा प्रश्न प्रामुख्याने पालघर जिल्ह्यातला, कारण डहाणू-तलासरीकडचे बरेच खलाशी गुजरातच्या नौकांवर जातात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीच्या वादामुळे दोन्ही देशांत सागरी सीमा करारानेच ठरलेली नाही. जीपीएसवर दिसणारी रेषा दोघांनी मिळून आखलेली नाही, हे आधी समजून घ्यावे.

समुद्र कायदा कराराचा अनुच्छेद ७३ सांगतो की अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला तर, देशादेशांत वेगळा करार नसेल तोवर, कैद देता येत नाही. वाजवी हमी घेऊन नौका आणि माणसे लवकर सोडायची. भारताचा परदेशी नौकांविषयीचा १९८१ चा कायदा याच वाटेने जातो : प्रादेशिक समुद्रात मासेमारी केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पण अनन्य आर्थिक क्षेत्रात फक्त दंड. मेख अशी की पकडणारा देश ‘आमच्या प्रादेशिक समुद्रात घुसले’ असे लिहितो आणि अनुच्छेद ७३ बाजूला पडतो. सीमाच ठरलेली नाही, तर नौका नेमकी कुठे होती हे सिद्ध कोण करणार? त्यासाठी जीपीएस ट्रॅक लागतो आणि तो जप्त नौकेवरच असतो. म्हणून ट्रॅक किनाऱ्यावर पोचवणारे ट्रान्सपाँडर चालू ठेवणे खलाशांच्याच भल्याचे आहे.

सुटकेची वाट २१ मे २००८ च्या वाणिज्यदूत संपर्क करारातून जाते. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. अटकेपासून तीन महिन्यांत आपल्या दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेट मिळायला हवी, आणि शिक्षा भोगून झाली व राष्ट्रीयत्व पक्के झाले की एका महिन्यात सुटका. प्रत्यक्षात खोळंबा बहुतेक वेळा ‘राष्ट्रीयत्व पक्के झाले की’ या चार शब्दांत होतो. कैद्याने तिकडे सांगितलेले नाव केंद्राकडे, तिथून राज्याकडे, तिथून पोलीस ठाण्याकडे येते. तिथे गावात हाक मारायचे नाव एक, आधारवर दुसरे, बापाचे नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. नौका गुजरातची असल्याने खलाशांची यादी गुजरातच्या सोसायटीकडे आणि चौकशी महाराष्ट्राच्या ठाण्यात, म्हणून कागद दोन राज्यांत हेलपाटे घालतो.

हे टाळायला हंगामाला निघण्यापूर्वी आधार, मच्छीमाराचे बायोमेट्रिक ओळखपत्र, शाळेचा दाखला यांच्या प्रती आणि एक ताजा फोटो घरी ठेवावा. नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक, मालक आणि तांडेल (नौकेचा प्रमुख) यांचे नंबर घरच्यांकडे लिहून द्यावेत. पकडल्याची खबर लागली की सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माणसे सुटली म्हणून नौका सुटतेच असे नाही.

२००८ च्या कराराने व्हिएन्ना कराराचा (वाणिज्यदूत संबंधांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) हक्क कमी होतो का?

नाही. पाकिस्तानचा तसा दावा होता, म्हणजे हेरगिरीच्या आरोपात २००८ चा करार पुढे करून संपर्क नाकारता येतो. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरवले की व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ चा भंग झाला आहे आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हायला हवा. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही, कारण त्या करारातून तेवढेच मिळते.

आपल्या मच्छीमारावर परदेशी जहाजावरून गोळीबार झाला तर खटला कुठे चालतो?

१५ फेब्रुवारी २०१२ ला केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ नौकेवर गोळ्या झाडल्या, दोन मच्छीमार गेले. जागा किनाऱ्यापासून साधारण २०.५ सागरी मैलांवर, म्हणजे संलग्न क्षेत्रात. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १२ मैलांपलीकडे राज्याला अधिकार नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावे. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये नौसैनिकांना सरकारी अधिकारी म्हणून संरक्षण आहे असे ठरवून भारतातला खटला थांबवायला लावला आणि इटलीने भरपाई द्यावी असे म्हटले. १० कोटी रुपये आले : दोन्ही कुटुंबांना चार-चार, नौकामालकाला दोन. जून २०२१ मध्ये खटला बंद झाला.

हर्णैच्या किंवा मालवणच्या नाखव्याने यातून इतकेच घ्यावे : पहिल्या तासातली नोंद सगळ्यांत मोलाची. जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, समोरच्या जहाजाचे नाव आणि झेंडा लिहून ठेवा, व्हीएचएफ बिनतारी संचाच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा, गोळ्या लागलेल्या फळ्या बदलू नका.

मुलगा परदेशी जहाजावर पगाराविना अडकला आहे. भारतीय दूतावास त्याला उतरवून का आणत नाही?

कारण जहाज ज्या देशाच्या झेंड्याचे, त्याचा कायदा जहाजावर, आणि ते ज्या बंदरात, त्याचा कायदा बंदरात. दूतावासाला दोन्हीकडे नुसता आग्रह धरता येतो. मात्र सागरी कामगार करार, २००६ (भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला) हाती चांगले हत्यार देतो. मालकाने दोन महिने पगार थकवला, परतीचा खर्च नाकारला किंवा अन्नपाणी बंद केले, की कायद्याच्या भाषेत खलाशाला ‘सोडून दिले’ असे होते. मग जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी येण्याचा खर्च मागता येतो. विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावलेले असलेच पाहिजे. चढल्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा, कारण कंपनी बुडाली तरी विमा कंपनीचे नाव त्यावर असते.

तक्रार एकाच वेळी नौवहन महासंचालनालय, झेंड्याचा देश आणि त्या बंदराचे प्रशासन यांच्याकडे करावी. इथे दोन चुका वारंवार होतात. आरपीएसएल क्रमांक (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) नसलेल्या एजंटामार्फत जाणे ही पहिली : मग भारतात जबाबदार धरायला कोणीच उरत नाही. दुसरी अधिक घातक. काही देशांत न्यायालय जहाज जप्त करून एखाद्या खलाशालाच त्याचा राखणदार नेमते. परक्या भाषेतल्या कागदावर न समजता सही केली की जहाज विकले जाईपर्यंत त्याला उतरता येत नाही.

‘परकीय संबंधांना बाधा’ म्हणून पासपोर्ट अडवला तर?

१९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम ६ नाकारण्याचे आणि कलम १०(३) जप्तीचे. जप्तीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर प्रत द्यावी लागते. सार्वभौमत्व, सुरक्षा, परकीय संबंध किंवा जनहित यांना बाधा येईल असे वाटले तरच प्रत नाकारता येते. अपील कलम ११ खाली, ३० दिवसांत. आदेश खुद्द केंद्र सरकारचा असेल तर अपील नाही, थेट उच्च न्यायालय. मेनका गांधी खटल्यात (१९७८) ‘जनहित’ एवढाच शब्द लिहून पासपोर्ट काढून घेतला होता. म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय हे चालणार नाही, हे तिथूनच पक्के झाले.

आखातात जाणाऱ्यांना बहुतेकदा परकीय संबंध आडवे येत नाहीत, गावच्या भांडणातला प्रलंबित फौजदारी खटला येतो. त्यासाठी ज्या न्यायालयात खटला आहे तिथून परदेशी जाण्याची परवानगी घ्यावी. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो, म्हणून वकिलाला मुदत मागायला सांगावे.

युरोपने २०१४ मध्ये हापूस बंद केला तेव्हा भारताने प्रत्युत्तर का दिले नाही?

१ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, फळमाशी सापडल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला. जागतिक व्यापार संघटनेच्या वनस्पती-आरोग्य कराराप्रमाणे अशी बंदी शास्त्रीय आधारावरच घालता येते. पण माशी खरोखरच सापडली होती, त्यामुळे भांडायला जागा थोडी होती. तिथला तंटा सरकार-सरकारमध्येच चालतो, बागायतदाराला उभे राहता येत नाही, आणि निकालाला लागणाऱ्या वर्षांत दोन-तीन हंगाम हातचे जातात. म्हणून सरकारने मान्यताप्राप्त पॅकहाऊस आणि उष्णजल प्रक्रिया यांची सक्ती केली : ४८ अंश सेल्सिअस पाण्यात ६० मिनिटे. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. पाणी अंशभर जास्त तापले तर साल भाजते, कमी पडले तर अळी जगते. अमेरिकेची अट वेगळी, तिथे किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण लागते.

एन्रॉन रद्द करणे राज्याच्या हातात होते ना?

रद्द करणे होते, त्याचे परिणाम टाळणे नव्हते. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज कंपनीबरोबरचा करार डिसेंबर १९९३ चा. १९९५ च्या ऑगस्टमध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि पुढच्या वर्षी फेरबोलणी होऊन प्रकल्प परत सुरू झाला. २००१ मध्ये वीजखरेदीच थांबली, तेव्हा प्रकल्पातल्या भागीदार जीई आणि बेक्टेल या कंपन्यांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेतला. २००५ मध्ये तडजोड झाली. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्याने केलेले कृत्य देशाच्या खात्यावर पडते आणि ‘आमचे राज्य स्वायत्त आहे’ हा बचाव चालत नाही. मोदक खायचे गुहागरात, बिल दिल्लीत, असा तो प्रकार. भारताने २०१६ च्या नव्या नमुना गुंतवणूक करारात लवादाआधी पाच वर्षे देशातल्या न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली आणि जुने बरेच करार संपवले, त्यामागे असे धडे आहेत.

याच कारणाने मुख्यमंत्री परदेशी कंपनीशी सामंजस्य करार करू शकतात, पण परकीय सरकारकडून थेट कर्ज घेऊ शकत नाहीत. अनुच्छेद २९३ राज्याला फक्त भारतात कर्ज उभारू देतो.

जैतापूर अजून का अडकले आहे?

फ्रान्सशी अणुसहकार्याचा करार २००८ चा. प्रकल्प १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९९०० मेगावॅट. अडथळ्यांत किंमत आहे, माडबन-साखरीनाट्यातला विरोध आहे आणि कायदाही. २०१० च्या अणुदायित्व (अणुअपघाताच्या भरपाईच्या) कायद्याने चालकाची, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्याची, जबाबदारी १५०० कोटींवर थांबवली, पण कलम १७(ब) मध्ये सदोष सामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडे चालकाला भरपाई मागता येईल असे ठेवले. परदेशी कंपन्यांना ते नको होते आणि कोणतेही सरकार नुसत्या निवेदनाने ते पुसू शकत नव्हते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक संमत करून तो अधिकार मुख्यतः लेखी कंत्राटात तसे ठरले असेल त्यापुरता आणि हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यापुरता ठेवला. म्हणजे आता कंत्राटातले एक कलम आधीच्या कायद्याचे काम करणार, आणि कंत्राट गावाला दिसत नाही.

मग माहिती अधिकारात असे कंत्राट मागता येईल का?

अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. कलम ८(१)(अ) खाली परकीय संबंधांना बाधा आणणारी आणि ८(१)(फ) खाली परकीय सरकारने विश्वासाने दिलेली माहिती नाकारता येते, पण कलम ८(२) प्रमाणे नुकसानापेक्षा जनहित मोठे असेल तर तीही द्यावी लागते. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना ८(१)(फ) ची ढाल चालत नाही, (अ) ची चालते. ‘सर्व करार द्या’ असा अर्ज केला की (अ) लावून परत येतो. त्याऐवजी तारीख, पक्ष आणि विषय लिहून मागावे, आणि कलम १० चा उल्लेख करून ‘वगळण्याजोगा भाग झाकून उरलेला द्या’ असे लिहावे. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरे.